कॉलेजचा निबंध लिहायला सुरुवात कुठून करायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शाळेत निबंधाला चांगले गुण मिळायचे, पण कॉलेजात १५०० शब्दांच्या पहिल्याच असाइनमेंटवर 'माहिती भरपूर, पण वर्णनात्मक, युक्तिवाद दिसत नाही' असा शेरा आला. नेमकं काय चुकलं आणि पायापासून कसं शिकायचं?

हा शेरा तुमच्या भाषेवर नाही, त्यामुळे शब्दसंपत्ती वाढवण्याच्या मागे लागू नका. शाळेतला निबंध विषयावर असतो, कॉलेजातला प्रश्नावर. 'पाऊस' म्हटलं की पावसाबद्दल सुचेल ते नेटकेपणाने मांडलं, की शाळेत काम भागतं. कॉलेजात एक वादाचा मुद्दा समोर ठेवलेला असतो. त्यावर तुमचं म्हणणं काय आणि ते का पटावं, एवढंच तपासलं जातं.

नुसते नियम सांगून हे कळत नाही, म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत वापरतो. समजा प्रश्न आहे: 'सोळाव्या शतकातील युरोपातील धर्मसुधारणा हे छपाईचे अपत्य होते. या विधानाची चिकित्सा करा.' (धर्मसुधारणा म्हणजे रिफॉर्मेशन: कॅथलिक चर्चच्या प्रथांविरुद्ध उभी राहिलेली चळवळ.)

आधी पेन्सिल घेऊन प्रश्नच वाचा, चांगली दहा मिनिटं. क्रियापदाखाली रेघ मारा. 'वर्णन करा' म्हणजे काय घडलं ते सांगा. 'तुलना करा' म्हणजे दोन्ही बाजू एकाच निकषावर तोला. आधी एकीचं सगळं आणि मग दुसरीचं सगळं असं नव्हे. 'चिकित्सा करा' म्हणजे विधान कुठवर खरं आहे आणि कुठे तुटतं ते दाखवा. मग 'अपत्य' या शब्दावर थांबा. अपत्य म्हणजे छपाई नसती तर धर्मसुधारणा जन्मलीच नसती, असा दावा झाला. सगळा वाद त्या एका शब्दात आहे. ज्यांना वर्णनात्मक असल्याचा शेरा मिळतो, त्यांनी बहुतेक वेळा तो शब्द ओलांडून थेट छपाईचा इतिहास लिहायला घेतलेला असतो.

वाचनाबद्दल फार लिहीत नाही. १५०० शब्दांसाठी चार ते सहा चांगले स्रोत पुरतात: एक आढावा देणारा, आणि बाकीचे शक्यतो एकमेकांशी न पटणारे. नोट्स मात्र जपून काढा. तीन गोष्टी डोळ्यांना वेगळ्या दिसल्या पाहिजेत: लेखकाचे जसेच्या तसे शब्द (अवतरणचिन्हांत), लेखकाचा मुद्दा तुमच्या शब्दांत, आणि तुमचा स्वतःचा विचार. पहिल्या दोन्हींपुढे पान क्रमांक हवाच. उचलेगिरीचा ठपका येतो तो बऱ्याचदा वाईट हेतूमुळे नव्हे, तर वहीतलं वाक्य आपलं की पुस्तकातलं हे दोन आठवड्यांनी आठवत नाही म्हणून. दुसऱ्याचा मुद्दा आपल्या शब्दांत लिहिताना पुस्तक मिटून लिहा. उघडं ठेवलं की दोन-चार शब्द बदललेलं त्याचंच वाक्य उतरतं, आणि तीही उचलेगिरीच.

आता मुख्य विधान. इंग्रजी माध्यमात याला थीसिस स्टेटमेंट म्हणतात. तुमचं संपूर्ण म्हणणं एका, फार तर दोन वाक्यांत. पहिला प्रयत्न सहसा असा असतो: 'धर्मसुधारणेत छपाईने महत्त्वाची भूमिका बजावली.' हे कोणीच नाकारणार नाही, म्हणून ते सिद्ध करण्यात काही हशील नाही. मग माणूस दुसऱ्या टोकाला जातो: 'छपाई नसती तर धर्मसुधारणा झालीच नसती.' हे १५०० शब्दांत काय, १५ हजारांतही सिद्ध होणार नाही. तिसरा प्रयत्न बघा:

'सुधारणेची मागणी छपाईच्या आधीपासून होती, त्यामुळे छपाई तिची जननी नव्हे. पण जी मागणी पूर्वी एका प्रदेशात कोंडता येत होती, ती छपाईमुळे कोंडणं जवळपास अशक्य झालं.'

एखादा शहाणा माणूस याच्याशी असहमत होऊ शकतो, हाताशी असलेल्या पुराव्यांनी हे दाखवता येतं, आणि विधान कुठवर लागू आहे हेही त्यात आहे. या तीन कसोट्या लावा. एक जरी हुकली तर पुढे लिहू नका. हो, लिहिता लिहिता मत बदललं तर बिघडत नाही. उलट ते बरंच लक्षण आहे, फक्त मागे जाऊन विधान दुरुस्त करायला विसरू नका.

यानंतर आराखडा, आणि तो मथळ्यांचा नको, पूर्ण वाक्यांचा हवा. 'यान हुस' (ल्यूथरच्या आधीचा, बोहेमियातला चर्चसुधारक) हा मथळा झाला. त्याने तुम्ही फक्त हुसची माहिती लिहाल. वाक्यं अशी हवीत:

१. हुसला १४१५ मध्ये जाळलं, तेव्हा युरोपात अक्षरांचे खिळे जुळवून होणारी छपाई नव्हती. म्हणजे मागणी छपाईपेक्षा जुनी.
२. छपाई जन्मतः चर्चविरोधी नव्हती: १४५४-५५ मध्ये जर्मनीतल्या माइन्झ शहरात छापलेल्या पहिल्यावहिल्या गोष्टींत चर्चची पापमुक्तिपत्रंच (पैसे घेऊन पापाची शिक्षा माफ करणारी पत्रं) होती.
३. फरक पडला तो वापरामुळे: धर्मसुधारणेचा प्रणेता मार्टिन ल्यूथर याने १५१८ मध्ये याच पापमुक्तिपत्रांच्या विषयावर विद्वानांच्या लॅटिनऐवजी जर्मनमध्ये छोटं प्रवचन छापलं, आणि ते वारंवार पुन्हा छापलं गेलं.
४. आक्षेप: बहुसंख्य लोकांना वाचताच येत नव्हतं. उत्तर: पत्रकं मोठ्याने वाचली जात, त्यात चित्रं असत, आणि उपदेशक त्यांतून मजकूर उचलत.
५. तरीही छपाई एकटी पुरली नसती: १५२१ मध्ये ल्यूथर वाचला तो सॅक्सनीच्या इलेक्टरने (सम्राट निवडण्याचा अधिकार असलेल्या शासकाने) त्याला वार्टबुर्ग किल्ल्यात लपवलं म्हणून.

आता यातली कुठलीही दोन वाक्यं आपसांत बदलून बघा. काहीच बिघडत नसेल तर तुमच्याकडे युक्तिवाद नाही, यादी आहे. इथे दुसरं वाक्य तिसऱ्याच्या आधीच यावं लागतं, कारण 'यंत्र कोणाच्याच बाजूचं नव्हतं' हे ठरल्याशिवाय 'मग कोणी कसं वापरलं' हा प्रश्नच उभा राहत नाही.

शब्दांची वाटणी साधारण अशी: प्रस्तावना १३०, पाच मुद्दे प्रत्येकी २०० ते २२०, शेवट १३०, उरलेले दीड-दोनशे शब्द आक्षेपाला जास्तीचे द्या. नवखे लोक आक्षेप एका ओळीत उरकतात. खरं तर तिथेच सर्वाधिक गुण दडलेले असतात, कारण विरोधी मत त्याच्या सर्वांत भक्कम रूपात मांडून मग उत्तर देणं अवघड असतं आणि तपासणाऱ्याला ते लगेच दिसतं. कच्चा आक्षेप उभा करून तो पाडला, तर तेही दिसतं.

परिच्छेद कसा बांधायचा, ते दोन नमुन्यांवरून बघा. वर्णनात्मक नमुना:

'योहान गुटेनबर्गने १४५० च्या सुमारास माइन्झमध्ये छपाई सुरू केली. त्याने बायबल छापले. तसेच पापमुक्तिपत्रेही छापली गेली. अशा प्रकारे छपाईचा प्रसार झाला.'

सगळं बरोबर आहे, पण याने काय सिद्ध झालं? आता हा:

'छपाईचा पहिला फायदा सुधारकांना नव्हे, चर्चलाच झाला. १४५४-५५ मध्ये माइन्झमध्ये पापमुक्तिपत्रे छापली गेली. नाव आणि तारखेची जागा रिकामी असलेले हे छापील नमुने हवे तितके काढता येत. ज्या प्रथेवर ल्यूथर पुढे तुटून पडला, तिचाच पसारा वाढवायला हे यंत्र सोयीचे ठरले होते. म्हणजे यंत्राला स्वतःचा कल नव्हता, आणि केवळ त्याच्या असण्यावरून धर्मसुधारणेचे स्पष्टीकरण देता येत नाही.'

पहिल्या वाक्यात मुद्दा, दुसऱ्या-तिसऱ्यात पुरावा, चौथ्यात पुराव्याचा अर्थ, पाचव्यात मुख्य विधानाशी गाठ. तुमच्या निबंधात बहुधा चौथं आणि पाचवं वाक्य गळतंय. प्रत्येक पुराव्यानंतर स्वतःला 'मग काय?' असं विचारा आणि उत्तर लिहून काढा. उत्तर लिहिता आलं नाही तर तो पुरावा कितीही रंजक असो, काढून टाका. परिच्छेदाचा शेवट अवतरणाने करू नका. शेवटचा शब्द तुमचा हवा. आणि एकूण अवतरणं निबंधाच्या दहाव्या भागापेक्षा जास्त होऊ देऊ नका.

पुराव्याबाबत एक इशारा. ल्यूथरने ३१ ऑक्टोबर १५१७ ला चर्चच्या दारावर ९५ प्रमेयं खिळ्याने ठोकली, हे चित्र सगळीकडे सापडतं. त्या तारखेचं त्याचं माइन्झच्या आर्चबिशपला लिहिलेलं पत्र आहे, दाराच्या प्रसंगाबद्दल मात्र इतिहासकारांत वाद आहे. अशी सर्वांना माहीत असलेली गोष्टच आधी तपासायची. एआयने दिलेल्या संदर्भांनाही हेच लागू: त्यात अस्तित्वातच नसलेली पुस्तकं असू शकतात, म्हणून जे स्वतः उघडून पाहिलं नाही ते यादीत घालू नका.

प्रस्तावना सगळ्यात शेवटी लिहा. तिचं काम तीनच गोष्टींचं: वाद काय आहे, तुमचं विधान काय, आणि कुठल्या वाटेने जाणार. 'अनादी काळापासून मानव...' किंवा 'आजच्या आधुनिक युगात...' अशी सुरुवात झाली असेल तर पहिली दोन वाक्यं सरळ खोडा; बहुतेक वेळा निबंध तिसऱ्या वाक्यापासून सुरू होतो. शेवटात नवा पुरावा आणू नका आणि प्रस्तावनाही पुन्हा उतरवू नका. विधान कुठपर्यंत टिकतं ते सांगा. इथे, उदाहरणार्थ, छपाईने प्रसार कसा झाला हे समजतं, पण काही राजांनी सुधारणा का स्वीकारली ते समजत नाही, असं लिहिता येईल.

संदर्भ देण्याची पद्धत विभागाला विचारा. एपीए पद्धतीत कंसात आडनाव आणि वर्ष येतं, एमएलएमध्ये आडनाव आणि पान क्रमांक. इतिहासात तळटीपा बऱ्याचदा चालतात. पद्धत कुठलीही असो, मध्येच बदलू नका. झोटेरोसारखं मोफत सॉफ्टवेअर यादी बनवून देतं, पण त्यात नावांचे घोळ होतात, तेव्हा एकदा नजर फिरवा.

दुरुस्ती दोन फेऱ्यांत करा आणि त्यांची सरमिसळ करू नका. पहिल्या फेरीत फक्त मांडणी: छापील प्रत घेऊन प्रत्येक परिच्छेदापुढे समासात तो काय सिद्ध करतो ते एका ओळीत लिहा. ओळ सुचत नसेल तर परिच्छेद रिकामा आहे, 'आणि' घालून दोन ओळी होत असतील तर तो फोडा. भाषेची फेरी त्यानंतर, मोठ्याने वाचून. दम लागला तिथे वाक्य तोडा. 'करण्यात आले', 'मानले जाते' अशी क्रियापदं दिसली की कोणी केलं, कोण मानतं ते लिहा. निम्म्या वेळा लक्षात येतं की ते आपल्यालाच माहीत नाही. स्वल्पविराम आधी नीट करत बसलात, तर उद्या उडवायच्या परिच्छेदावर एक तास जातो.

दहा दिवस हातात असतील तर वाचन आणि नोट्स चार दिवस, विधान आणि आराखडा एक, कच्चा मसुदा दोन, एक दिवस मसुद्याकडे बघायचंही नाही, मग दुरुस्तीला दोन. आणि पाचव्या दिवशी तेवढं मुख्य विधान आणि आराखड्याची पाच वाक्यं कागदावर घेऊन शिक्षकांना भेटा. पूर्ण मसुदा वाचायला त्यांना सवड नसते, पण सहा-सात वाक्यं ते उभ्या उभ्या वाचतात, आणि 'युक्तिवाद दिसत नाही' हा शेरा तेव्हाच मिळाला तर दुरुस्त करायला पाच दिवस हातात उरतात.