बारा वर्षांच्या मुलीला डिटेक्टिव्ह पुस्तकं हवीत, कुठून सुरू करू? खून असलेली चालतील का?

खुनाचं आधी सांगते, कारण प्रश्नात तुमची खरी काळजी तीच दिसतेय. चालतात. या वयासाठी लिहिलेल्या रहस्यकथेत खून बहुतेक वेळा पडद्याआड झालेला असतो, रक्तबिक्त फारसं नसतं, आणि सगळी पानं कोण कुठे होतं, कोण खोटं बोलतंय यातच जातात. मुलांना त्रास होतो तो क्रूरपणा चवीचवीने वर्णन केलेल्या थ्रिलरचा, ती जात वेगळी, ती सध्या लांबच ठेवा. मी मुलांच्या वाचनगटासाठी पुस्तकं निवडते, तर तिथे खुनापायी कोणी पुस्तक अर्धवट टाकलेलं आठवत नाही, कंटाळा आला म्हणून टाकलेली मात्र ढिगाने.

नावातच मर्डर असलेलं एक घ्या, रॉबिन स्टीव्हन्सचं 'मर्डर मोस्ट अनलेडीलाइक', २०१४ मधलं. गोष्ट घडते १९३४ साली, इंग्लंडमधली मुलींची बोर्डिंग शाळा, तिथे शिकणाऱ्या हेझलला सायन्सच्या बाई जिममध्ये मरून पडलेल्या दिसतात, आणि ती कोणाला तरी घेऊन परत येते तोवर बॉडी गायब. हिची मैत्रीण डेझी, तिला हा सगळा खेळच वाटतो, पण हेझल घाबरते, तिला वाईट वाटतं, आणि गोष्ट तीच सांगतेय त्यामुळे मेलेलं माणूस हे नुसतं कोड्याचं सामान होत नाही. बारा वर्षांच्या मुलीला याहून नीट हाताळलेला खून मला तरी माहीत नाही. हेझल हाँगकाँगहून त्या शाळेत आलीये, तिथे परकं वाटणं हाही पुस्तकातला मोठा भाग आहे.

पण खून आहे की नाही यापेक्षा मी दुसरंच आधी बघते. तिला कोडं आवडतं की पळापळ? दुकानात दोन्ही एकाच शेल्फवर असतात आणि घोळ तिथेच होतो. फास्टर फेणे घ्या किंवा एनिड ब्लायटनचं फेमस फाइव्ह (१९४२ पासून, २१ पुस्तकं), ही मुळात साहसकथा आहेत, भुयारं, बेटं, स्मगलर, वाईट माणूस कोण ते लवकरच कळतं, मजा आहे ती पाठलागाची. ज्या मुलीला डोकं चालवायचंय तिला हे दिलं की ती म्हणते यात शोधायचं काय होतं? आणि उलट, पळापळ आवडणाऱ्या मुलीला पन्नास पानं नुसते जबाब वाचायला दिले तर झालंच.

गंमत म्हणजे त्याच ब्लायटनबाईंची फाइव्ह फाइंड-आउटर्स नावाची दुसरी मालिका आहे, १९४३ पासूनची, १५ पुस्तकं, ती मात्र खरी रहस्यकथा. संशयितांची यादी, कोण त्या वेळी कुठे होतं, बुटांचे ठसे, सगळं रीतसर. त्यातला फॅटी नावाचा मुलगा वेषांतर करतो, संत्र्याच्या रसाने अदृश्य पत्र लिहितो, आणि बाहेरून कुलूप लावलेल्या खोलीतून सुटायची युक्ती दाखवतो: दाराखालून वर्तमानपत्र सरकवायचं, कुलपात राहिलेली किल्ली आतून ढकलून त्याच्यावर पाडायची, कागद आत ओढून घ्यायचा. मुलं हे घरी करून बघतातच, किल्ल्या सांभाळा. पोलिसाची जरा जास्तच टिंगल आहे आणि भाषा जुनी वाटेल, पण सुरुवात करायला मी अजूनही हीच देते.

बरं, कोड्यावाली गोष्ट चांगली की नाही हे कसं ओळखायचं, तर लेखक चिटिंग करतो का ते बघायचं. रोनाल्ड नॉक्स म्हणून एक पाद्री होते, स्वतः डिटेक्टिव्ह कथा लिहायचे, त्यांनी १९२९ मध्ये अशा कथांचे दहा नियम लिहिले, त्यातला कामाचा हा की डिटेक्टिव्हला जो पुरावा सापडला तो लगेच वाचकालाही दिसला पाहिजे. (एका गोष्टीत एकापेक्षा जास्त गुप्त खोली किंवा भुयार नको असाही एक नियम आहे, फेमस फाइव्ह तिथेच नापास!) मुलांच्या कितीतरी पुस्तकांत शेवटच्या प्रकरणात एकदम नवीन माणूस किंवा नवीन चिठ्ठी टपकते, आणि मुलांना ते बरोब्बर कळतं, फसवल्यासारखं वाटतं. तुम्हाला वेळ असेल तर तुम्ही आधी शेवट वाचा आणि मग मागे जाऊन बघा, उत्तराची सोय आधी कुठे करून ठेवलीये का. नसेल तर द्यायचंच नाही.

या परीक्षेत डिस्टिंक्शन मिळवणारं म्हणजे एलन रॅस्किनचं 'द वेस्टिंग गेम', १९७८ चं, पुढच्या वर्षी त्याला न्यूबेरी मेडल, म्हणजे अमेरिकेतलं मुलांच्या पुस्तकांचं बक्षीस, मिळालं. एक श्रीमंत माणूस मृत्युपत्रात सोळा वारसांना कामाला लावतो, आठ जोड्या, प्रत्येक जोडीला दहा हजार डॉलर आणि वेगवेगळ्या शब्दांच्या चिठ्ठ्या, आणि म्हणतो उत्तर शोधा. ज्या बिल्डिंगमध्ये हे राहतात तिचं नाव सनसेट टॉवर्स, आणि ती पूर्वेकडे तोंड करून उभी, वर तिला टॉवर एकही नाही. हे पहिल्याच पानावर सांगून टाकलंय, म्हणजे दिसतंय त्यावर विश्वास ठेवू नका हे आधीच बजावून ठेवलंय. पात्रं खूप आहेत, पहिली चाळीसेक पानं गोंधळ होतो, तेव्हा शेजारी बसून नावांचा एक कागद करून द्या, नाहीतर हमखास बाजूला पडेल. एकदा पकड बसली की मुलं संपल्या संपल्या पुन्हा पहिल्यापासून वाचतात.

त्या मानाने सोपं आणि मला जास्त जवळचं म्हणजे शिव्हॉन डाउडचं 'द लंडन आय मिस्ट्री' (२००७). सलीम नावाचा मुलगा लंडन आय या मोठ्या चाकाच्या बंद पाळण्यात चढतो, चाक अर्ध्या तासात फिरून खाली येतं, सगळे उतरतात, सलीम नाही. त्याचा मावसभाऊ टेड, ज्याचं डोकं इतरांपेक्षा वेगळं चालतं, तो काय काय झालं असू शकेल याची यादी करतो, अगदी अशक्य वाटणारंही लिहितो, आणि एकेक खोडत जातो. खून नाही, तरी छातीत धडधडतं.

आणि चोर कोण हे पहिल्यापासून माहीत असूनही गोष्ट रंगते का, तर एरिख केस्टनरचं 'एमिल अँड द डिटेक्टिव्ज' बघा, जर्मन, १९२९. रेल्वेत झोप लागते, कोटाच्या आत टाचणीने टोचून ठेवलेले पैसे जातात, समोर बसलेल्या माणसानेच नेलेत हे एमिलला पक्कं ठाऊक, पण सिद्ध कसं करणार? मग बर्लिनमधली पोरं मिळून त्याच्या मागे लागतात, आणि एक बिचारा मुलगा निरोप घ्यायला म्हणून घरात फोनपाशीच बसून राहतो, मजा चाललीये बाहेर आणि हा तिथे. माझं सगळ्यात आवडतं पात्र तेच. तुमच्या मुलीला पळापळ आणि कोडं दोन्ही हवं असेल तर हेच द्या.

वाचनाचा कंटाळा असेल तर डोनाल्ड सोबोलचं एन्सायक्लोपीडिया ब्राउन (१९६३ पासून). चार-पाच पानांची एकेक केस, उत्तर पुस्तकाच्या मागे, कुठेही थांबता येतं. बाराव्या वर्षी थोडं लहान वाटेल.

मराठीतून वाचायचं असेल तर फेलूदा, सत्यजित राय यांचा बंगाली डिटेक्टिव्ह, अशोक जैनांनी केलेला अनुवाद मिळतो. पहिली गोष्ट १९६५ मध्ये 'संदेश' मासिकात आली होती, म्हणजे मुलांच्या मासिकासाठीच लिहिलेलं आहे, सांगतो त्याच्यासोबत फिरणारा शाळकरी तोपशे. बंदुका, खून आहेत पण साधे-सरळ. माझी एकच तक्रार, मुली-बायका जवळपास नाहीतच त्यात, तुमची मुलगी विचारेल, आणि विचारावंच.

शेरलॉक होम्स आता लगेच दिला तरी चालेल, पण 'अ स्टडी इन स्कार्लेट' पहिलं म्हणून पहिलं देऊ नका. निम्म्यावर गोष्ट अचानक अमेरिकेत जाते, होम्स गायब, आणि बरीच मुलं तिथेच होम्स कायमचा सोडतात. लघुकथांपासून करा, 'द रेड-हेडेड लीग' घ्या, केस लाल आहेत म्हणून एका माणसाला आठवड्याला चार पौंड मिळतात, काम काय तर ज्ञानकोश हाताने उतरवून काढायचा. का? बस, एवढं सांगून पुस्तक हातात द्या.

अगाथा ख्रिस्तीला अजून एक-दीड वर्ष थांबलात तर बरं, खुनामुळे नाही, मोठ्यांचे लग्नाचे-वारशाचे व्यवहार कळले नाहीत तर निम्मे हेतूच समजत नाहीत म्हणून. आणि तोवर तिला नेटवर ख्रिस्तीचं काही शोधू देऊ नका, विशेषतः १९२६ चं 'रॉजर अ‍ॅक्रॉइड', त्याचा शेवट लोक न विचारता सांगून टाकतात.