फोटोग्राफी क्लबचे सभासदत्व : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

पुण्यातील हौशी छायाचित्रकारांच्या क्लबांविषयी वाचकांकडून बरीच पत्रे आली आहेत. त्यांपैकी ज्यांचे उत्तर इतरांनाही उपयोगी पडेल, अशी निवडक पत्रे आवश्यक तेथे संक्षेप करून येथे घेतली आहेत.

मी बँकेतून निवृत्त झालो असून माझ्याकडे केवळ मोबाइल फोन आहे. क्लबमध्ये सगळ्यांकडे मोठमोठे कॅमेरे असतात असे ऐकतो. सभासद होण्यापूर्वी कॅमेरा विकत घ्यावा का? – एक वाचक, कोथरूड

घेऊ नये, निदान लगेच तरी नाही. आजच्या साध्या मोबाइलचेही छायाचित्र बहुधा 12 मेगापिक्सेलचे, म्हणजे सुमारे 4000 गुणिले 3000 पिक्सेलचे असते आणि दर इंचाला 250 पिक्सेल या हिशेबाने त्याची 16 गुणिले 12 इंचांची छपाई व्यवस्थित होते. क्लबच्या वार्षिक प्रदर्शनात एवढी प्रत भिंतीवर सहज शोभते. मोबाइलची मर्यादा जाणवते ती दूरच्या पक्ष्यांच्या किंवा अंधाऱ्या रंगमंचावरील नृत्याच्या छायाचित्रणात. पेठांमधले वाडे, रस्त्यावरची माणसे, घरातल्या खिडकीतून येणारा उजेड, टेकडीवरची पावसाळी झाडे या विषयांना ती आड येत नाही.

पहिले काही महिने क्लबच्या बैठकांना नियमित जावे, आपल्याला कोणत्या विषयाची ओढ वाटते ते पाहावे, सहलीच्या दिवशी एखाद्या सभासदाचा कॅमेरा किंवा लेन्स थोडा वेळ हाताळून पाहावी आणि मगच खर्चाचा विचार करावा. पक्ष्यांसाठी लागणारी लेन्स आणि माणसांच्या व्यक्तिचित्रांसाठी लागणारी लेन्स यांत इतका फरक असतो, की विषय ठरण्यापूर्वी केलेली खरेदी पुष्कळदा कपाटात पडून राहते. जो क्लब प्रवेश देतानाच कॅमेऱ्याचे मॉडेल विचारतो, तो माझ्या मते नवशिक्याच्या उपयोगाचा नाही.

मी मागील वर्षी एका क्लबची सभासद झाले. मासिक बैठकीत मंडईतील एका भाजीवाल्या आजींचे छायाचित्र दाखवले असता एका ज्येष्ठ सभासदांनी सर्वांसमोर, ‘यात डोळा आजींकडे जातच नाही,’ एवढेच सांगून पुढचे छायाचित्र लावायला सांगितले. तेव्हापासून बैठकीला जाण्याची इच्छा राहिलेली नाही. छायाचित्राची प्रत सोबत पाठवत आहे. – एक वाचक, सहकारनगर

आपण पाठवलेली प्रत मी बराच वेळ पाहिली. आजी सुतळीचे एक टोक दातांत धरून मेथीची जुडी बांधत आहेत आणि त्यांच्या बोटांच्या पेरांत माती भरलेली दिसते. असा क्षण नेमका टिपता येणे ही लहान गोष्ट नाही आणि बैठकीत सर्वांत आधी हेच सांगितले जायला हवे होते. आपल्याला वाईट वाटणे स्वाभाविक आहे.

तरीही त्या सभासदांचे निरीक्षण खरे आहे आणि ते का खरे आहे हे समजून घेतल्यास आपला फायदाच होईल. महात्मा फुले मंडईच्या जुन्या इमारतीत उजेड वरून, उंचावरच्या उघड्या भागांतून येतो आणि खाली ओट्यांवर बराच अंधार असतो. अशा जागी कॅमेरा अंधाराचा हिशेब धरून एक्सपोजर, म्हणजे आत घेतला जाणारा उजेड, वाढवतो, त्यामुळे खालचे सगळे दिसू लागते, पण वरचा उजेड पांढराफटक होतो. आपल्या छायाचित्रात उजव्या वरच्या कोपऱ्यात असाच एक पांढरा तुकडा आहे. माणसाची नजर चित्रातल्या सर्वांत उजळ भागाकडे, विशेषतः त्याला लागूनच गडद भाग असेल तर, आधी धावते. ती तेथे जाते, कोपऱ्यातून बाहेर पडते आणि आजींच्या हातांपर्यंत उशिरा पोहोचते. आपण दोन पावले डावीकडे सरकला असता, तर मधला खांब त्या उजेडाच्या आड आला असता. ओट्याच्या उंचीला खाली बसून कॅमेरा धरला असता, तर वरचा भाग चौकटीत आलाच नसता. यांपैकी काहीच शक्य नसेल, तर एक्सपोजर एका स्टॉपने, म्हणजे निम्म्याने, कमी करून नंतर संगणकावर आजींचा चेहरा आणि हात हलकेच उजळता येतात. सध्याच्या प्रतीवरही उपाय आहे : वरची साधारण पाव पट्टी कापून पाहावी. चौकट आडवी होईल आणि नजर मेथीच्या जुडीवर येऊन थांबेल.

ज्येष्ठांचे चुकले ते एवढेच, की त्यांनी निष्कर्ष सांगितला आणि कारण सांगितले नाही. चांगल्या समीक्षेत नजर प्रथम कुठे जाते, तेथून कुठे सरकते, छायाचित्रकाराला काय दाखवायचे होते आणि ते होण्यासाठी काय करता आले असते, हे क्रमाने बोलले जाते. काही क्लबांमध्ये छायाचित्रकाराचे नाव न सांगता छायाचित्रे लावतात आणि चर्चा संपल्यावरच नाव जाहीर करतात. ही पद्धत मला फार चांगली वाटते, कारण तिच्यामुळे नवख्या सभासदाचा संकोच कमी होतो आणि जुन्या सभासदाची भीडही पडत नाही. आपल्या क्लबच्या कार्यकारिणीला हे अवश्य सुचवावे.

बैठकांना जाणे मात्र थांबवू नये. क्लबच्या साऱ्या कार्यक्रमांत सर्वांत मोलाचा कार्यक्रम हाच आहे, असे माझे ठाम मत आहे. सहली स्वतंत्रपणेही काढता येतात आणि तांत्रिक माहिती पुस्तकांतून मिळते, पण आपले छायाचित्र अनोळखी नजरेला कसे दिसते हे कळण्याला दुसरा मार्ग नाही. घरचे लोक प्रेमाने पाहतात, फोनवरचे मित्र अंगठा दाखवून पुढे जातात. हौशी लोकांनी एकत्र बसून छायाचित्रे पाहण्याची ही रीत आपल्याकडे जुनी आहे. दागेर या फ्रेंच संशोधकाच्या छायाचित्रणपद्धतीची घोषणा पॅरिसमध्ये 1839 साली झाली आणि 1854 साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झालीसुद्धा, डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या भारतीय सभासदांपैकी होते. पुढच्या बैठकीत हेच छायाचित्र कापून पुन्हा लावावे आणि त्याच ज्येष्ठांना विचारावे, ‘आता नजर कुठे जाते?’ उत्तर द्यायला त्यांनाही आवडेल.

सभासद होताना काय काय विचारून घ्यावे? वर्गणी किती असणे योग्य? – एक वाचक, चिंचवड

वर्गणीचा एकच योग्य आकडा सांगता येणार नाही, कारण तो सभागृहाचे भाडे, प्रोजेक्टर आणि प्रदर्शनाचा खर्च यांवर अवलंबून असतो. त्यापेक्षा वर्गणीत काय येते ते विचारावे : सहलीचा प्रवासखर्च वेगळा असतो का, कार्यशाळेचे शुल्क सभासदांना कमी असते का, प्रदर्शनासाठीची छपाई आणि फ्रेम कोणी करायची. क्लब 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किंवा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेला असेल, तर वार्षिक सर्वसाधारण सभेत हिशेब मांडले जातात आणि आजीव सभासदत्वासारखी मोठी रक्कम भरण्यापूर्वी ही चौकशी करणे आवश्यक आहे. दहाबारा मित्रांचा नोंदणी नसलेला गटही उत्तम काम करू शकतो, मात्र तेथे वर्षाचीच वर्गणी द्यावी.

पैसे भरण्यापूर्वी पाहुणा म्हणून एका समीक्षेच्या बैठकीला बसू देण्याची विनंती करावी. तेथे नवीन माणसाच्या छायाचित्रावर किती वेळ बोलले जाते आणि चर्चा कॅमेऱ्यांवर घसरते की छायाचित्रांवर राहते, हे पाहिले की निर्णय सोपा होतो. शक्य असल्यास त्या क्लबचे प्रदर्शनही पाहावे. बालगंधर्व रंगमंदिराच्या कलादालनात किंवा घोले रस्त्यावरील राजा रविवर्मा कलादालनात अशी प्रदर्शने भरतात.

क्लबच्या सहलींत शनिवारवाडा, पालखी, कवडीपाट अशी ठिकाणे असतात. तेथे छायाचित्रणाला परवानगी लागते का आणि कोणते नियम पाळावेत? – एक विद्यार्थिनी, कर्वेनगर

शनिवारवाडा, पाताळेश्वर लेणी आणि आगाखान पॅलेस या केंद्रीय पुरातत्त्व खात्याने संरक्षित केलेल्या वास्तू आहेत. हातातल्या कॅमेऱ्याने साधी छायाचित्रे घेण्यास तेथे सहसा अडचण येत नाही, पण ट्रायपॉड लावायचा असेल तर आधी परवानगी काढावी लागते. क्लबने ती सर्वांसाठी एकत्र काढावी.

पालखीच्या बाबतीत कागदी परवानगीपेक्षा वागणुकीचा प्रश्न मोठा आहे. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी भवानी पेठेत आणि तुकाराम महाराजांची नाना पेठेत मुक्कामाला असते तेव्हा वारकरी पहाटे रस्त्याकडेलाच अंघोळी उरकतात, कपडे वाळत घालतात, पाय चेपत बसतात. कोणी अंघोळ करत असताना किंवा झोपलेले असताना कॅमेरा उचलू नये. हा माझ्या दृष्टीने अपवाद नसलेला नियम आहे. बाकी वेळी आधी ‘माउली’ म्हणून दोन शब्द बोलावेत आणि मग विचारावे, नकार फार क्वचित मिळतो. टोळक्याने एकाच आजोबांना घेरून छायाचित्रे घेणे हा क्लबांच्या सहलींतला सर्वांत खटकणारा प्रकार आहे. सहलप्रमुखाने दोघादोघांच्या जोड्या करून सभासदांना पांगवावे.

मुळा-मुठेच्या काठावरील कवडीपाटला हिवाळ्यात चक्रवाक, शेकाट्या, धोबी हे पक्षी जवळून दिसतात. तेथे सूर्य पाठीशी राहील अशा बेताने सकाळी लवकर पोहोचावे, काठावर खाली बसून राहावे आणि उडतानाचे छायाचित्र हवे म्हणून पक्ष्यांना मुद्दाम उडवू नये, खाणेही टाकू नये. घरट्याजवळ तर जाऊच नये. सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा पाहायला जायचे असेल, तर ते अभयारण्य असल्याने वन विभागाची परवानगी आणि प्रवेशशुल्क यांची पूर्तता आधी करावी.

नावापुढे एएफआयएपी अशी अक्षरे लावलेले सभासद दिसतात. ती कशी मिळतात? – एक वाचक, बिबवेवाडी

‘फियाप’ (एफआयएपी) ही 1950 साली स्थापन झालेली छायाचित्रणाची आंतरराष्ट्रीय संघटना आहे. तिच्या मान्यतेने वेगवेगळ्या देशांत भरणाऱ्या स्पर्धात्मक प्रदर्शनांत, म्हणजे सलॉनमध्ये, आपली छायाचित्रे ठरावीक संख्येने स्वीकारली गेली की एएफआयएपी, म्हणजे ‘आर्टिस्ट फियाप’, ही पदवी मिळते. भारतातून अर्ज फेडरेशन ऑफ इंडियन फोटोग्राफी या राष्ट्रीय संस्थेमार्फत जातात. सलॉनच्या प्रवेशशुल्कांचा खर्च बराच होतो, म्हणून पहिल्या वर्षी या वाटेला जाण्याची आवश्यकता नाही.

एका स्पर्धेच्या अर्जात ‘पाठवलेल्या सर्व छायाचित्रांचे हक्क आयोजकांकडे राहतील’ अशी अट आहे. ती मान्य करावी का? – एक वाचक, सदाशिव पेठ

या स्वरूपात मान्य करू नये. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार छायाचित्र घेणारी व्यक्ती ही त्याची कर्ती असते आणि कोणी मोबदला देऊन ते काढवून घेतले नसेल किंवा ते नोकरीचा भाग म्हणून काढलेले नसेल, तर पहिली मालकीही तिचीच असते. हा हक्क कर्त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. दुसऱ्याला तो द्यायचा तर लेखी आणि सहीचा करार लागतो. करारात मुदत लिहिलेली नसेल, तर ती पाच वर्षे आणि प्रदेश लिहिलेला नसेल, तर तो भारतापुरता धरला जातो. हक्क देऊन टाकल्यावरही छायाचित्र आपले असल्याचे सांगण्याचा कर्त्याचा अधिकार कायम राहतो.

स्पर्धेच्या आयोजकांना विजेत्या छायाचित्रांचा उपयोग प्रदर्शनात, स्मरणिकेत आणि स्पर्धेच्या प्रसिद्धीसाठी करता यावा, इतकी परवानगी रास्त आहे. बक्षीस न मिळालेल्या शेकडो छायाचित्रांवर कायमचा हक्क मागण्याचे मात्र काहीच कारण नाही. आयोजकांना ईमेल करून तीन गोष्टी विचाराव्यात : वापर कोणत्या छायाचित्रांचा, कशासाठी आणि किती काळ, व प्रत्येक वेळी नाव दिले जाईल का. क्लबमधील इतरही सभासद त्या स्पर्धेत उतरणार असतील, तर ही विचारणा क्लबच्या पत्राने करावी, कारण संस्थेच्या पत्राला उत्तर मिळण्याची शक्यता अधिक असते. उत्तर समाधानकारक आल्यास तो ईमेल छायाचित्रांच्या मूळ फाइलींसोबत जपून ठेवावा आणि मगच प्रवेशिका पाठवावी.