जुन्या घराचं दार प्रसन्न कसं करावं?

तुमचं घर ठाण्यात चरईत, तळमजल्यावर, पन्नासेक वर्षांच्या बिल्डिंगमध्ये. दार उघडलं की काळोख, डाव्या भिंतीला ओल, खाली चपलांचा ढीग. इंटिरिअरवाल्याने प्लायचं पॅनेलिंग आणि जुनं दार काढून लॅमिनेटचं नवं दार सुचवलंय, ते करू का असं तुम्ही विचारलंय. माझं मत विचाराल तर दोन्ही नको.

मी नौपाड्यात अशाच बिल्डिंगमध्ये राहते आणि पॅनेलिंगचा उद्योग करून बसले आहे. ओल्या भिंतीवर ठोकलेलं प्लाय दुसऱ्या पावसाळ्यात फुगलं. काढलं तर मागे बुरशी. तेव्हा आधी ओल कुठून येते ते शोधा: पलीकडे बाथरूम आहे का, बाहेरचा पाइप गळतोय का, की जमिनीतूनच वर चढतेय. भिंतीतलं पाणी सुकताना क्षार पृष्ठभागावर आणून सोडतं, तो पांढरा लोणा. त्यावर पुट्टी ओढली तर पोपडे धरणारच. कारण बंद करा, सैल झालेला गिलावा खरवडा आणि भिंत अख्खा उन्हाळा उघडी ठेवा. भिकार दिसते, पण इलाज नाही.

आता स्वागताचं. आमच्या दारातून आत आलं की उजव्या भिंतीवर, खांद्याच्या जरा खाली, एक तेलकट काळपट डाग असायचा. पुसला, दोनदा रंग दिला, तरी सहा महिन्यांत परत हजर. मग एकदा बाजारातून पिशवी आणि ओली छत्री घेऊन आले, सँडलचा पट्टा सोडायला एका पायावर उभी राहिले आणि माझा हात आपसूक त्याच डागावर गेला. येणारा जो तो तिथेच हात टेकत होता. गुडघे गेलेली माझी मावशी तर सगळा भार तिथे टाकायची! सुताराला बोलावून नेमकं त्या जागी सागवानी दांडा बसवून घेतला, खाली दीड फूट उंचीचा अरुंद बाक. छत्रीसाठी शेजारी एक हूक आणि त्याखाली जुनं पितळी घंगाळ. पाहुणे कौतुक करतात ते या बाकाचं. तुमच्याही भिंतीवर असा डाग असेल, रंग देण्याआधी बघून ठेवा.

चपलांसाठी बंद कपाट करू नका, आपल्याकडच्या हवेत चामड्याला बुरशी येते. जाळीची किंवा फटींची दारं, फूटभर खोली आणि खाली सहा इंच मोकळी जागा, म्हणजे रोजच्या चपला तिथे सरकतात आणि झाडूही फिरतो. बाहेर पॅसेजमध्ये मात्र काही ठेवू नका. आग लागली तर सगळ्यांची पळायची वाट तीच असते. (सोसायटीची नोटीस येते ती वेगळीच.)

दार सागवानी असेल तर जपा. पावसाळ्यात ते अडकतं म्हणून लोक ऑगस्टमध्ये रंधा मारून घेतात आणि जानेवारीत फटीतून झुरळं येतात. लाकूड पाणी पिऊन आडवं फुगतं, सुकलं की बसतं. दसरा-दिवाळीनंतर बघा, तेव्हाही अडकत असेल तरच रंधा. पॉलिशही तेव्हाच, कारण दमट हवेत पॉलिशवर पांढुरकी झाक येते. दाराची वरची आणि खालची कड सहसा कोरीच सोडलेली असते, तिलाही हात मारायला सांगा. आणखी एक, जुन्या ऑइलपेंटचे थर कोरड्या पॉलिशपेपरने घासू देऊ नका. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भागांच्या) आत ठेवायचं बंधन आपल्याकडे २०१७ च्या नोव्हेंबरपासून आलं, त्याआधीच्या रंगांचा भरवसा नाही. पाणी लावून घासायचं, मास्क घालायचा, लहान मुलांना मावशीकडे धाडायचं. कडी-कोयंडा पितळी असेल तर चिंचेने घासा नाहीतर पितांबरीने, तीही आपल्या ठाण्याचीच.

दिव्याबाबत आमची चूक सांगते. आधी दिवा छताच्या मधोमध होता. दार उघडलं की आमच्या पाठीमागून उजेड यायचा आणि पाहुण्याला आमची नुसती काळी आकृती दिसायची. आता दाराजवळच्या बाजूच्या भिंतीवर, साडेपाच फुटांवर, २७०० केल्विनचा पिवळसर एलईडी आहे. पांढरा नको, दवाखाना वाटतो.

खाली मोझेक टाइल्स असतील तर त्यावर चकचकीत नव्या बसवू नका, ओल्या पायांनी माणूस घसरतो. जुन्या टाइल्सना मशीनने पॉलिश होतं. दोन दिवस चिखल होतो तेवढाच. उंबरठ्यापुढे रांगोळीपुरती हातभर जागा सोडा.

सोसायटीत रीडेव्हलपमेंटची चर्चा चालू असेल तर टाइल्सवर खर्च करू नका. दार, कडी-कोयंडा, बाक, दिवा यांवर करा. आमच्याकडे सध्या दोन बिल्डरांच्या ऑफर आल्यात आणि दार उचलून कुठे ठेवायचं यावर घरात वाद सुरू आहे.