नव्या वस्तीत कामाला निघालेल्या पोरीला

प्रिय पोरी,

पत्र पोचलं. गडचिरोलीच्या मुलचेरा तालुक्यातल्या मदत केंद्रावर तू रुजू होतेस हे वाचून फार बरं वाटलं. बाहेरून येऊन राहिलेल्या कुटुंबांसाठी नेमकं करायचं काय असतं, असं तू विचारलंस. माझ्या मते आलेल्या माणसाची नोंद दोन ठिकाणी व्हावी लागते, सरकारदरबारी आणि गावात. आपले कार्यकर्ते पहिलीच्या मागे इतके धावतात की दुसरीकडे बघायला त्यांना वेळच उरत नाही.

आधी तू कुठे चाललीस ते समजून घे. फाळणीनंतर पूर्व पाकिस्तानातून आलेली बंगाली कुटुंबं, त्यातली बहुतेक नमःशूद्र या बंगालमधल्या दलित जातीतले शेतकरी, आधी छावण्यांत राहिली आणि मग त्यातली बरीच १९६०च्या दशकात तेव्हाच्या चांदा (आताच्या चंद्रपूर-गडचिरोली) जिल्ह्यात वसवली गेली. चामोर्शी आणि मुलचेऱ्याकडची सुंदरनगर, विवेकानंदपूर अशी गावं त्यातूनच उभी राहिली. गोंदियाकडे गोठणगावला १९७२ पासून तिबेटी वसाहत आहे. दोन्हीकडे माणसं घरदार सोडूनच आली, पण कायद्याने त्यांची स्थिती वेगळी. तिबेट्याजवळ परदेशी नागरिक म्हणून नोंदणी प्रमाणपत्र असतं आणि ते वेळोवेळी नूतनीकरण करून घ्यावं लागतं. बंगाली कुटुंबाजवळ आजोबांच्या वेळचा निर्वासित नोंदीचा किंवा जमीन वाटपाचा कागद असतो. आपल्या देशाने १९५१च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही आणि निर्वासितांसाठी वेगळा कायदाही केलेला नाही. त्यामुळे समोरचा माणूस कोण, कुठून आणि कधी आला हे त्याच्या कागदावरूनच ठरतं. म्हणून नवं कुटुंब आलं की अर्ज भरायला घेऊ नकोस. आधी पेटीतले सगळे कागद चटईवर मांडायला सांग आणि नीट वाच.

वाचताना नावांकडे बघ. आजोबांच्या कागदावर 'बिश्वास', शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात 'विश्वास', आधारवर 'बिस्वास'. घर एकच, पण वारसाचा फेरफार करायला गेलं की तलाठी विचारतो, ही तीन माणसं कोण? शाळेतली नोंद दुरुस्त करायची तर प्रकरण शिक्षणाधिकाऱ्यांपर्यंत जातं, नाहीतर राजपत्रात जाहिरात द्यावी लागते. लेकरू पहिलीत घालायच्या दिवशी तू सोबत गेलीस आणि जुना कागद पुढे ठेवून नाव लिहून घेतलंस, तर हा सगळा त्रास टळतो. मला विचारशील तर आपल्या कामातलं सगळ्यात मोलाचं काम हेच आहे. त्याचा फोटो निघत नाही, अहवालात त्याची ओळही येत नाही.

जन्मनोंदीचंही तसंच. एकवीस दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत नोंद झाली की पैसा लागत नाही. बाळंतीण माहेरी, बाप कामावर, असं म्हणत महिने निघून जातात आणि मग तहसीलच्या चकरा सुरू होतात. नागरिकत्वाच्या कायद्यात जन्मतारखेला फार किंमत आहे. १९५० ते जून १९८७ या काळात भारतात जन्मलेला माणूस जन्मानेच नागरिक ठरतो. त्यानंतरच्यांसाठी आईबापांचे कागद बघितले जातात आणि डिसेंबर २००४ पासून नियम आणखी कडक झाला. आज एखादीची नोंद राहिली, तर उद्या तिच्या लेकरांनाही ते जड जाईल.

एका बाबतीत मी तुला बजावून सांगते. आधार कार्ड म्हणजे नागरिकत्व नाही. ते इथल्या रहिवाशाला मिळतं, मग तो नागरिक असो वा नसो. गावात फिरणारे दलाल पैसे घेतात आणि जिचं नागरिकत्व ठरलेलंच नाही अशा बाईचंही मतदार यादीत नाव चढवून देतात. तिला वाटतं, आपलं काम झालं. उद्या चौकशी आली की दलाल पसार होतो आणि गुन्हा तिच्या नावावर दाखल होतो. तू अशा कागदाला हात लावायचा नाहीस. कुणी कितीही रडून सांगितलं तरी नाही. तिला तालुका विधी सेवा समितीकडे घेऊन जा. बाईला तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. 'होऊन जाईल, काळजी करू नका' हे वाक्य तुझ्या तोंडून निघता कामा नये. माणसं त्या एका वाक्यावर वर्षं काढतात.

कागद नसला म्हणून सगळंच अडत नाही, हेही त्यांना सांग. संविधानाचं कलम २१ नागरिकापुरतं नाही, ते प्रत्येक माणसाला लागू आहे. सहा ते चौदा वर्षांच्या लेकराला वयाचा दाखला नाही म्हणून शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. शिक्षणहक्क कायदा तसं स्पष्ट म्हणतो. मुख्याध्यापक काचकूच करू लागले तर आवाज न चढवता ते कलम दाखव.

दवाखान्यात मात्र लेकरांना दुभाषी करू नकोस. मराठी शाळेत जाणारी दहा वर्षांची पोर आईच्या पाळीचं, अंगावर जाण्याचं दुखणं डॉक्टरला सांगते. आई अर्धं गिळते, पोर उरलेलं गिळते आणि चिठ्ठीवर भलतंच औषध येतं. वस्तीतली दोन्ही भाषा येणारी एखादी बाई तयार कर, आशाताईशी तिची ओळख करून दे. आणि ऐकलेलं तिथेच ठेवायचं, हे तिला आधी शिकव.

आता गावातल्या नोंदीबद्दल, म्हणजे शेजारच्या गावांनी त्यांना आपलं म्हणण्याबद्दल. बंगाली वस्तीला जमीन मिळाली तेव्हा ते रान ओसाड नव्हतं. भोवतालच्या गोंड गावांची गुरं तिथे चरत होती, मोहफुलं, सरपण तिथूनच येत होतं. ते निस्तार हक्क, म्हणजे रान वापरायचे गावाचे जुने हक्क, गेले. एक म्हातारे आजोबा मला म्हणाले होते, "त्यायले जमीन देली, चांगलंच केलं. पण आम्हाले कोणी विचारलं काय?" त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते मला जास्त लागलं. त्या आलेल्या माणसांचाही दोष नव्हता, त्यांना कुठे टाकायचं हे भलत्यांनीच ठरवलं होतं. तू वस्तीचीच बाजू घेऊन बोलत राहिलीस तर शेजारच्या गावासाठी तू त्यांची वकील होशील. एक चक्कर वस्तीवर गेली की दुसरी गोंड टोल्यावर जाऊ दे. तिथलाही वनहक्काचा दावा, निराधार योजनेचा अर्ज बघ. केंद्र दोघांचं आहे हे सांगून कळत नाही, रांगेत दोघं शेजारी उभे राहिले की कळतं.

जमिनीपासून सावध राहा. नव्याने आलेला माणूस स्वस्तात मिळते म्हणून आदिवासीची धानाची बांधी साध्या स्टॅम्पपेपरवर घेतो. सरकारी परवानगीशिवाय असा व्यवहार टिकत नाही. त्याचे पैसे बुडतात, गोंड शेतकऱ्याची जमीन अडकते आणि दोन गावांत कायमचं वैर होतं. असं काही कानावर आलं तर सह्या व्हायच्या आधी दोघांना एकत्र बसव. वस्तीतल्यांचे सातबारेही तपासून ठेव. वाटप झालेल्या बऱ्याच जमिनींवर भोगवटादार वर्ग-२ असा शेरा असतो आणि परवानगी न घेता त्या विकता येत नाहीत. अनेकांना हे मुलीच्या लग्नाच्या वेळी कळतं.

माणसं जवळ येतात ती बहुतेक कामातून. धानाच्या रोवणीला हात कमी पडतात तेव्हा पऱ्हे उपटायला कोण कुठून आलं हे कुणी विचारत नाही. बंगाली शेतकऱ्यांना तळ्यातल्या मासळीची चांगली जाण, तर आपल्याकडचे ढिवर पिढ्यान्‌पिढ्या तलावावर जगणारे. त्यांच्यात तलावाच्या ठेक्यावरून भांडण लागू शकतं आणि मासळीचं बीज एकत्र आणायचं, सोडायचं कसं यावर बोलणंही होऊ शकतं. ते बोलणं घडवून आणायला तुला जमलं तर महिनाभर अर्ज मागे पडले तरी चालेल. वरिष्ठांना माझं नाव सांग.

बंगाली शिकू का, असं विचारलंस. शिक. पण त्याआधी थोडी गोंडी शिकून घे, कारण तुझ्या केंद्रावर ती बोलणारं सध्या कुणीच नाही. आणि २६ जानेवारीच्या ग्रामसभेला जाताना वस्तीतल्या दोन बाया सोबत ने. त्यांच्या हातपंपाचा अर्ज तू वाचू नकोस. त्या त्यांच्या मोडक्यातोडक्या मराठीत वाचतील, सचिव लिहून घेईल, तू मागच्या ओळीत बसून ठरावाचा क्रमांक तेवढा टिपून घे.

तुझी,
ताई