आधी वाचन, मग लेखन? : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : मी इतिहास विषयात एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. फोंडा तालुक्यातील जुवारीकाठच्या आमच्या गावातील खाजन शेती (भरतीचे खारे पाणी बांधाने अडवून केलेली शेती) हा विषय मी लघुप्रबंधासाठी घेतला आहे. गेले तीन महिने मी वाचतेच आहे. चाळीसेक लेखांच्या झेरॉक्स प्रती काढल्या, दोन वह्या भरल्या. पण मार्गदर्शकांनी पहिले प्रकरण मागितल्यापासून एक ओळही सुचत नाही. इंग्रजी लेख वाचताना दोन पाने उलटली की मागचे आठवत नाही. किती वाचले म्हणजे पुरे? माझ्या विषयाचा सर्वांत जुना पुरावा १५२६ सालची गावकारीची (गावची जमीन सामाईकपणे सांभाळणाऱ्या जुन्या ग्रामसंस्थेची) सनद आहे, तिथपासून सुरुवात करावी का? — एक विद्यार्थिनी, फोंडा

उत्तर : तुम्ही तीन महिने नेटाने वाचले आहे, तेव्हा दोष कष्टांचा नाही. आधी सगळे वाचून घ्यायचे आणि मग लिहायला बसायचे हा क्रम आपल्याला शाळेपासून लागलेला असतो, कारण परीक्षेत तसेच करायचे असते. संशोधनात हा क्रम चालत नाही. तुम्ही अडला आहात ते वाचन अपुरे पडल्यामुळे नव्हे, तर लेखन उशिरा सुरू होत असल्यामुळे.

‘आमच्या गावातील खाजन शेती’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. विषयाला काठ नसतो. खाजन म्हटले की भरती-ओहोटीचे पाणी आले, बांध आला, मानस (बांधातील पाण्याचे दार) आली, खारे पाणी सोसणारे कोरगुट भात आले, मासळी आली, कोमुनिदाद (गावकारीचेच पोर्तुगीज नाव) आली, कूळ कायदा आला. यांतल्या एकेकावर चाळीस लेख मिळतील आणि ‘अजून पुरेसे झाले नाही’ ही भावना कधीच जाणार नाही. किती वाचावे याची मर्यादा विषय घालून देत नाही, ती प्रश्न घालून देतो. एक उदाहरण पाहा. गोव्याच्या मुक्तीपूर्वी बांधाची डागडुजी आणि मानशीची देखभाल ही कामे कोमुनिदादीकडे होती. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर ती जबाबदारी हळूहळू कुळांच्या संघांकडे आली. या बदलानंतर तुमच्या गावात बांध कोणी, कोणत्या पैशांतून आणि किती वेळा दुरुस्त केला? हा प्रश्न कागदावर लिहिला की चाळीस लेखांपैकी तीस आपोआप बाजूला पडतील आणि हाती नसलेल्या गोष्टींची यादी तयार होईल: संघाचे हिशेब, मानशीतील मासेमारीच्या लिलावाच्या नोंदी, बांध फुटल्याच्या वर्षांची आठवण सांगू शकणारी वयस्कर माणसे. हाच प्रश्न घ्या असे मी म्हणत नाही. पण असा एक तरी प्रश्न, शेवटी प्रश्नचिन्ह असलेले एकच वाक्य, या आठवड्यात लिहून काढा. पुढे तो बदलेल. तो बदलला पाहिजे, कारण वाचताना आणि लिहिताना तो न बदलणे हेच काळजीचे लक्षण आहे.

आता १५२६ च्या सनदेविषयी, कारण वाचन म्हणजे नेमके काय ते इथे चांगले दिसते. ही सनद पोर्तुगीज राजवटीचा महसूल अधिकारी अफोंसो मेशिया याने तिसवाडीतील गावांच्या रूढी नोंदवून तयार केली, आणि गोव्यातील गावकारीवर लिहिणारा जवळजवळ प्रत्येक अभ्यासक तिचा उल्लेख करतो. तुम्हीही तो अनेक लेखांत वाचला असणार, म्हणून तो आपल्या गावाचाही पुरावा आहे असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु १५२६ साली फोंडा पोर्तुगीजांकडे नव्हता, तो विजापूरच्या आदिलशाहीत होता. तुमचा तालुका नव्या काबिजादींतला (पोर्तुगीजांनी नंतर मिळवलेल्या मुलखातला), तो पोर्तुगीज सत्तेखाली आला अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. तेव्हा तिसवाडीच्या सनदेतील कलम जुवारीकाठच्या तुमच्या गावाला लावायचे असेल, तर दोन्हीकडची व्यवस्था सारखी होती हे आधी स्वतंत्र पुराव्याने दाखवावे लागेल. शिवाय हा कागद महसूल गोळा करणाऱ्याने महसुलासाठी लिहिला आहे. जमीन कोणाची, देणे कोणी द्यायचे, वारसा कसा चालायचा हे त्याला विचारायचे होते, म्हणून ते त्यात आहे. मध्यरात्रीच्या भरतीला बांधावर चिखल थापणाऱ्या माणसाला काय मिळत होते हे जाणून घेण्याची त्याला गरज नव्हती. एखादे साधन कोणी, कधी, कोणासाठी आणि कोणत्या मुलखाविषयी तयार केले हे विचारल्याशिवाय त्यातील एकही ओळ आपल्या प्रकरणात घेऊ नये.

लेख वाचण्याची रीतही थोडी बदला. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एका दमात वाचणे ही कादंबरीची रीत आहे. शोधनिबंध आधी सारांश, मग प्रस्तावनेचा शेवटचा परिच्छेद आणि मग समारोप या क्रमाने वाचावा. लेखकाला काय सिद्ध करायचे आहे ते बहुधा या तीन जागी सापडते. ते आपल्या प्रश्नाच्या कामाचे नसेल तर लेख तिथेच मिटावा, त्यात अपराधी वाटण्यासारखे काही नाही. कामाचे असेल तर पुन्हा पहिल्यापासून वाचावे, आणि या वेळी सतत विचारावे की हा लेखक कोणाचे म्हणणे खोडतो आहे, आणि त्याच्याकडे पुरावा कोणता आहे. मग लेख पालथा ठेवून, त्यात न पाहता, चार-पाच मराठी वाक्यांत त्याचे म्हणणे लिहावे. इंग्रजी लेख आठवत नाहीत ही तुमची अडचण पुष्कळशी इथेच सुटेल. जे आपल्या भाषेत सांगता आले नाही ते समजलेले नसते, आणि नेमके कुठे समजले नाही हे तुमचे चौथे वाक्य अडले की कळते. एकाच विषयावरच्या लेखांत तेच ते पारिभाषिक शब्द फिरून येतात. त्यांची वहीच्या मागच्या पानांवर यादी ठेवलीत, तर दहा-बारा लेखांनंतर वाचनाचा वेग आपोआप वाढलेला दिसेल.

टिपणाबद्दल मात्र मी आग्रही आहे. माझ्या स्वतःच्या प्रबंधाच्या वेळी एका दप्तरखान्यात मी एका पत्रातील दोन ओळी उतरवून घेतल्या आणि खंड व पान नोंदवायचे राहून गेले. संपूर्ण प्रकरण त्या दोन ओळींवर उभे राहिले, आणि तळटीप देण्याची वेळ आली तेव्हा ते पत्र पुन्हा शोधण्यात माझे अकरा दिवस गेले. त्यानंतर मी प्रत्येक टिपण एकाच पद्धतीने करते. कार्डाच्या माथ्यावर लेखक, वर्ष आणि पान, मजकूर लिहिण्याच्या आधी. त्याखाली लेखकाचे जसेच्या तसे शब्द घेतले असतील तर ते अवतरणचिन्हांत. त्याखाली त्याच्या म्हणण्याचा माझ्या शब्दांतला गोषवारा. आणि सर्वांत खाली, वेगळ्या शाईने, माझे मत: हे पटते का, कुठे खटकते, माझ्या प्रश्नाशी याचा संबंध काय. तुमच्या दोन्ही वह्या आज उघडून पाहा. त्यात वेगळ्या शाईच्या ओळी किती निघतील? लेखन सुरू होते ते त्या ओळींपासून, कारण प्रकरणात तुमचे म्हणून जे काही असेल ते तिथेच पहिल्यांदा उमटलेले असते.

म्हणून उद्यापासून रोज अर्धे पान लिहा, आणि ते मार्गदर्शकांना दाखवायचे आहे हे विसरून लिहा. प्रस्तावनेपासून सुरुवात करू नका. प्रबंधात काय आहे हे कळल्याशिवाय प्रस्तावना लिहिता येत नाही, म्हणून बहुतेक अभ्यासक ती शेवटी लिहितात. तुम्हाला जे डोळ्यांपुढे दिसते तिथून आरंभ करा: भरतीचे पाणी चढू लागले की मानशीचे लाकडी दार पाण्याच्याच दाबाने कसे मिटते, ओहोटीला कसे उघडते, आणि ते दार कुजले तर गावात प्रथम कोणाला कळते. हे लिहिताना तिसऱ्या वाक्याला तुम्हाला अडेल, की दार बदलण्याचा खर्च कोण करत होते? त्या वाक्यापाशी रिकामी जागा सोडा, समासात ‘शोधणे’ असे लिहा आणि पुढे चला. दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात काय वाचायचे ते त्या रिकाम्या जागेने ठरवलेले असेल. कच्चा खर्डा असाच भोकाभोकांचा असतो; मार्गदर्शकांनाही तो तसाच दाखवावा. नीटनेटके प्रकरण पाहून ते शुद्धलेखन तपासतील, पण रिकाम्या जागा पाहिल्या तर कोणाकडे जायचे ते सांगतील.

प्रश्न : माझ्या शोधप्रबंधाच्या मसुद्यात संगणकाच्या तपासणीत दुसऱ्यांच्या लेखनाशी १८ टक्के साम्य दाखवले गेले. काही जण सांगतात की शब्द बदलले, वाक्ये उलटसुलट केली की आकडा खाली येतो. असे करावे का? — एक शिक्षक, डिचोली

उत्तर : करू नये. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. १० ते ४० टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारित मसुदा द्यावा लागतो. ४० ते ६० टक्के असेल तर वर्षभर तो सादर करता येत नाही. आणि ६० टक्क्यांच्या वर साम्य आढळल्यास नोंदणीच रद्द होते. योग्य निर्देशासह दिलेली अवतरणे, संदर्भसूची, कायद्यांचा मजकूर यांना या मोजणीतून वगळायचे असते. म्हणून प्रथम तुमचे १८ टक्के कशाचे आहेत ते अहवालात एकेक करून पाहा. मोठा भाग अवतरणांचा आणि सूचीचा असेल तर तपासणी करणाऱ्या ग्रंथपालांशी बोला.

उरलेला भाग दुसऱ्याच्या परिच्छेदातून आलेला असेल, तर शब्द बदलून तो तुमचा होत नाही. ‘महत्त्वाचे’ खोडून ‘लक्षणीय’ लिहिले, कर्तरी वाक्य कर्मणी केले, तरी युक्तिवाद, त्याचा क्रम आणि उदाहरणे त्याचीच राहतात, आणि ते संगणकाला दिसले नाही तरी जाणकार परीक्षकाला दिसते. तो परिच्छेद मिटवा, मूळ लेख बंद ठेवून आपल्या मुद्द्यासाठी त्याच्यातील नेमके काय हवे आहे ते स्वतः लिहा आणि तिथेच त्याचे नाव द्या. अनेकदा असे आढळते की पूर्ण परिच्छेदाऐवजी एक वाक्य आणि एक तळटीप पुरते. आपले विद्यार्थी आपल्याकडे पाहून लिहायला शिकतात, म्हणून शिक्षकाने ही आडवाट घेतली याचे मला अधिक वाईट वाटेल.

प्रश्न : मी निवृत्त आहे, कोणत्याही विद्यापीठाशी माझा संबंध नाही. आमच्या देवस्थानाचे जुने कागद एका पेटीत आहेत, काही मोडीत आहेत. त्यांवर संशोधन करण्याचा मला अधिकार आहे का, आणि सुरुवात कुठून करावी? — एक वाचक, पेडणे

उत्तर : अधिकार अभ्यासाने येतो. गोव्यात जन्मलेले दामोदर कोसंबी पेशाने गणिती होते. जुनी नाणी तराजूत तोलून, हातोहात फिरताना त्यांची किती झीज झाली त्यावरून त्यांच्या चलनाविषयी अनुमान काढता येईल का, असा प्रश्न त्यांनी विचारला आणि हजारो नाणी तोलली. सत्तरीतील पिसुर्ले गावात १८९४ साली जन्मलेल्या पांडुरंग पिसुर्लेकरांनी पोर्तुगीज कागदपत्रांतून मराठ्यांच्या इतिहासाची साधने उजेडात आणली. तुमच्यापाशी तर घरच्या घरी मूळ साधन आहे.

पणजीत पाटो येथील कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाची परंपरा १८३२ पासूनची आहे, आणि राज्याच्या पुराभिलेखाचा आरंभ १५९५ चा. दोन्हीकडे जाऊन आपल्या देवस्थानाविषयी आधी काय छापले गेले आहे आणि कोणत्या नोंदी उपलब्ध आहेत ते पाहून घ्या. देशभरातील विद्यापीठांचे प्रबंध ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. एखादा जवळच्या विषयावरचा प्रबंध मिळाला तर त्याची संदर्भसूची आधी वाचा, कारण कोणते कागद कुठे आहेत ते तिथे एकत्र सापडते. मोडी शिकायला चिकाटी लागते, पण नियमित सरावाने काही महिन्यांत सोपे वळण वाचता येऊ लागते. तोपर्यंत कोणी वाचून दिलेल्या मजकुरावर विसंबताना वाचणाऱ्याचे नाव आणि तारीख नोंदवून ठेवा.

पेटी मात्र घाईने उपसू नका. देवस्थान समितीची लेखी परवानगी घ्या, आणि पहिल्या दिवशी एकही कागद न वाचता फक्त पेटीचा फोटो काढा, मग गठ्ठे ज्या क्रमाने आहेत त्याच क्रमाने त्यांना क्रमांक द्या. क्रमांक कागदावर लिहू नका, वेगळ्या चिठ्ठीवर लिहून ती गठ्ठ्यासोबत ठेवा. कोणता कागद कोणत्या दोऱ्यात, कशाच्या खाली बांधलेला होता यावरून पुष्कळदा त्याचे साल आणि कारण कळते. दोरा एकदा सुटला आणि कागद विषयवार लावले गेले की ती माहिती परत मिळवता येत नाही.