रक्ताच्या कॅन्सरचे डॉक्टर: वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरे

प्रश्न: मी बारावीत आहे. आमच्या गावातला एक मुलगा नागपुरात ब्लड कॅन्सरचे उपचार घेऊन बरा झाला, आता परत शाळेत येतो. मलाही त्याच विषयाची डॉक्टर व्हायचं आहे. किती वर्षं लागतात? सर्जन व्हावं लागेल का?
– विद्यार्थिनी, आर्वी तालुका

उत्तर: ताई, सर्जन व्हायची गरज नाही. हा आजार रक्तात आणि हाडांतल्या मगजात पसरलेला असतो, तो कापून काढता येत नाही. एमबीबीएसची साडेचार वर्षं, इंटर्नशिपचं एक, मग एमडी मेडिसिन किंवा बालरोग तीन आणि शेवटी डीएम या अतिविशेष पदवीची तीन, अशी साडेअकरा वर्षं लागतात. ‘नीट’ ही प्रवेशपरीक्षा तीनदा द्यायची: एमबीबीएससाठी यूजी, एमडीसाठी पीजी, डीएमसाठी एसएस. पीजीला हवी ती जागा मिळेपर्यंत एखाद-दोन वर्षं जातात आणि बंधपत्रात लिहून दिलेली सरकारी सेवा वेगळी असते. घरच्यांना हे आजच सांगून ठेवा.

डीएमला दोन वाटा आहेत. मेडिकल ऑन्कॉलॉजी केलं तर स्तन, फुप्फुस असे सगळेच कॅन्सर येतात. क्लिनिकल हिमॅटॉलॉजीत, म्हणजे रक्ताच्या आजारांच्या विषयात, ल्युकेमिया, लिम्फोमा, मायलोमा या रक्ताच्या कॅन्सरसोबत सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया असे रक्ताचे इतर आजारही येतात. विदर्भात परतायचं असेल तर आम्ही दुसरी वाट सुचवू. गडचिरोली-चंद्रपूरकडे सिकलसेलचे रुग्ण खूप आहेत. शिवाय हायड्रॉक्सीयुरियासारखं औषध सिकलसेललाही लागतं आणि काही ल्युकेमियांत वाढलेल्या पेशी उतरवायलाही. एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षात पॅथॉलॉजी मन लावून करा. रक्ताची स्लाइड, म्हणजे काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब, सूक्ष्मदर्शकाखाली स्वतः वाचता येणं हा या विषयाचा पाया आहे.

प्रश्न: मुलाला हाच विषय घ्यायचा आहे, पण त्याचा तबला सुटेल अशी भीती वाटते. या डॉक्टरांना छंदाला वेळ मिळतो का?
– पालक, दारव्हा

उत्तर: एमडी-डीएमच्या वर्षांत कमी मिळतो. हाडांतल्या मगजाच्या प्रत्यारोपणानंतर रुग्णाच्या पांढऱ्या पेशी परत यायला साधारण दोन ते तीन आठवडे लागतात. तोवर साधा ताप आला तरी डॉक्टरला रात्री उठावं लागतं. म्हणून रोज तासभर बैठक मागणारा रियाज टिकणार नाही, वीस मिनिटांचा टिकेल. तबला सोडायला सांगू नका. या विषयात रुग्ण दगावतात, लहान मुलंही दगावतात. ज्याच्याकडे दवाखान्याबाहेरचं काहीच नसतं, तो डॉक्टर लवकर थकतो.

शरीरकष्टांची धास्ती मात्र नको. भारतातलं पहिलं यशस्वी मगज-प्रत्यारोपण 1983 साली मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी केलं. पोलिओमुळे ते व्हीलचेअरवर असतात.

प्रश्न: ग्रामीण रुग्णालयात काम करतो. सीबीसीत (रक्तपेशींच्या मोजणीत) डब्ल्यूबीसी (पांढऱ्या पेशी) 1,20,000 आणि प्लेटलेट 20,000 आले, तर नागपूरला पाठवण्याआधी आम्ही काय करावं?
– वैद्यकीय अधिकारी, कुरखेडा

उत्तर: आधी स्लाइड. मशीन ब्लास्ट, म्हणजे अपरिपक्व पेशींना, लिम्फोसाइट किंवा मोनोसाइट या नेहमीच्या पांढऱ्या पेशींमध्ये मोजून टाकतं. जांभळ्या झाकणाची ईडीटीए ट्यूब खुणेपर्यंत भरा, आठ-दहा वेळा हळूच उलटी करा आणि दोन तासांच्या आत स्लाइड ओढा. लिशमन रंग दोन मिनिटं, मग त्याच्या दुप्पट 6.8 पीएचचं बफर, सात ते दहा मिनिटं. बफरऐवजी बोअरचं पाणी वापरू नका. आपल्याकडचं पाणी जड असतं, त्यानं स्लाइड निळी पडते आणि पेशींचे केंद्रक नीट दिसत नाहीत. स्लाइडच्या कडेला प्लेटलेटचे पुंजके दिसले तर 20,000 हा आकडा खोटा असू शकतो. अशा वेळी सायट्रेट ट्यूबमध्ये पुन्हा मोजा आणि उत्तराला 1.1 ने गुणा.

पुढचं सगळ्यात महत्त्वाचं: डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड देऊ नका. अशक्तपणा, ताप, गाठी दिसल्या की ते सर्रास टोचलं जातं. त्यानं ल्युकेमिया-लिम्फोमाच्या पेशी मरतात, चार दिवस बरं वाटतं आणि मगजाच्या तपासणीत निदान हुकतं. पेशी एकदम फुटल्या तर युरिक अ‍ॅसिड आणि पोटॅशियम वाढून किडनी बंद पडू शकते. प्लेटलेट कमी असताना स्नायूत इंजेक्शन नको, डायक्लोफेनॅकसारखं वेदनाशामक नको. तापाला पॅरासिटामॉल पुरे. हिमोग्लोबिन कमी दिसलं म्हणून घाईनं रक्तही चढवू नका. डब्ल्यूबीसी लाखाच्या वर असताना त्यानं रक्त आणखी घट्ट होतं आणि मेंदू-फुप्फुसांतल्या बारीक वाहिन्या तुंबतात.

ताप 100.4 फॅरनहाइटच्या वर असेल तर शिरेतून अँटिबायोटिकचा पहिला डोस देऊनच 108 रुग्णवाहिकेत बसवा. नागपूर काही तासांवर आहे, तेवढ्यात रुग्ण शॉकमध्ये जाऊ शकतो. हिरड्यांतून रक्त, अंगावर काळेनिळे डाग आणि ब्लास्टमध्ये दाट कण किंवा काड्या दिसल्या तर सकाळची वाट पाहू नका. तो एपीएल, म्हणजे ल्युकेमियाचा एक तातडीचा प्रकार, असू शकतो. पहिल्या काही दिवसांतच मेंदूत रक्तस्राव होऊन त्यात माणूस जातो, आणि एट्रा या औषधाची कॅप्सूल वेळेत सुरू झाली तर बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात. फोन करून तसं स्पष्ट सांगा.

सोबत रंग न दिलेल्या दोन स्लाइड पाठवा. त्या हवेत वाळवा, पेन्सिलीनं नाव-तारीख लिहा, कागदात गुंडाळा. फ्रिजमध्ये ठेवू नका, दव धरतं. फॉर्मालिनच्या बाटलीसोबत एका पिशवीतही घालू नका, त्या वाफेनं रंग नीट चढत नाही. दिलेली सगळी औषधं चिठ्ठीवर वेळेसकट लिहा, बाहेर कुणी आधी स्टेरॉइड टोचलं असेल तर तेही.