ऑफिसात टीबी निघाला, सही करू का?

प्रश्न : डॉक्टरसाहेब, मी सीताबर्डीवर एका सीएच्या ऑफिसात काम करते. आम्ही आठ जण, एकच हॉल, स्प्लिट एसी. माझ्या शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याला फुफ्फुसाचा टीबी निघाला. त्याने कोणाला काही सांगायच्या आधीच कोणीतरी ते ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. मग त्याचा कप वेगळा काढला, खुर्ची फिनाइलने पुसली. औषधं सुरू होऊन महिना झाला, डॉक्टरांनी कामावर जायला हरकत नाही असं लिहून दिलंय, तो सोमवारी येतोय. त्याला सहा महिने घरीच बसवा, असं पत्र मालकांना द्यायचं चाललंय. माझीही सही मागताहेत. घरी तीन वर्षांचा मुलगा आहे, सासूबाईंना शुगर आहे. काय करू?
– एक वाचक, धरमपेठ

उत्तर : ताई, सही करू नका.

टीबी हवेतून पसरतो. रोगी खोकतो, बोलतो तेव्हा उडालेले बारीक कण बंद खोलीत तासन्‌तास तरंगतात. कपातून, खुर्चीतून, फायलीतून तो लागत नाही. तेव्हा फिनाइल फुकट गेलं. औषधं नीट लागू पडून नियमित चालली, की साधारण दोन आठवड्यांत रोग पसरवण्याची ताकद फार कमी होते. धोका होता तो आधी, तो शेजारी बसून खोकत होता आणि सगळे ‘नागपूरची धूळ आहे बावा’ म्हणून सोडून देत होते तेव्हा. आता तुमच्या आठ जणांत तपासणी झालेला तो एकटाच.

सहा महिने औषधं घ्यायची असतात, घरी बसायचं नसतं. एकेकाळी क्षयाच्या रोग्याला सॅनेटोरियममध्ये ठेवत. मद्रासला काही रोग्यांना सॅनेटोरियममध्ये आणि काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या घरीच ठेवून औषधं दिली. १९५९ मध्ये निष्कर्ष छापून आले : घरचेही जवळपास तितकेच बरे झाले, आणि त्यांच्या कुटुंबीयांना त्यामुळे जास्त लागण झाली नाही. आपण अजून कप वेगळे काढतोय.

उरलेल्या सात जणांनी मात्र तपासून घ्या. दोन आठवड्यांवर खोकला, संध्याकाळी बारीक ताप, वजन उतरणं, रात्री घाम, यातलं काही असेल तर लगेच. मेडिकल किंवा मेयो या नागपूरच्या सरकारी रुग्णालयांत जा, टीबीची तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. जंतू शरीरात गेले तरी शंभरातल्या पाच-दहा जणांनाच आयुष्यात कधीतरी रोग होतो. शुगर असलेल्यांना धोका जास्त, हे खरं. पण सासूबाई त्या हॉलमध्ये बसल्या नव्हत्या, आणि तुम्हाला स्वतःला रोग झालेला नसेल तर पर्सला, कपड्यांना लागून टीबी घरी येत नाही. घाबरून सुटी घेऊ नका, ती मुलासाठी राखून ठेवा.

खरा दोष त्या एसीचा. स्प्लिट एसी तीच ती हवा गार करून फिरवतो. आपला खिडकीतला कूलर बाहेरची हवा ओढतो, आणि समोरची खिडकी उघडी नसली तर हॉलमध्ये नुसती चिपचिप होते, म्हणून ती उघडावीच लागते. मे महिन्यात माझ्या दवाखान्यात मी कूलरच लावायचो. पेशंट कुरकुरायचे, बसायचे. मालकांना एसी प्यारा असेल तर खिडक्या फटीएवढ्या तरी उघड्या राहू द्या, विजेचं बिल वाढलं तरी.

ग्रुपवर टाकणाऱ्याचा मला राग आला. पुढच्याला खोकला सुरू झाला, की तो हे आठवून गुपचूप कफ सिरप पीत बसेल आणि त्याच हॉलमध्ये खोकत राहील. मालकांना पत्र द्यायचंच तर याबद्दल द्या, त्यावर सही करा.

तुमच्या आजारी सहकाऱ्याच्या बायको-मुलांची तपासणी झाली का, हे मात्र कोणी विचारलेलं दिसत नाही. एका घरात झोपणाऱ्यांना धोका तुमच्याहून जास्त, आणि त्यांच्यासाठी प्रतिबंधाची औषधंही असतात. उपचार चालू असेतो पोषणासाठी सरकारकडून महिन्याला १,००० रुपये खात्यात येतात, आधी ५०० होते. त्याचं नाव निक्षय या सरकारच्या टीबी-नोंदणी पोर्टलवर नोंदवलंय का, बँक खातं जोडलंय का, हे सोमवारी विचारा. आणि हॉलच्या खिडकीपुढे फायलींचं कपाट उभं असेल, बहुतेक ऑफिसांत असतंच, ते त्याआधी सरकवून घ्या.